मीठा पाणी

अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाच्याही गुलाबानं मान टाकली की हिम्मतराव बिरादारांना बोलावणं जायचं. ते यायचे, कुंडीपाशी उकिडवे बसायचे, चिमूटभर माती बोटांत चोळून नाकाशी धरायचे. आम्ही बायका पदर सावरून गप्प उभ्या. मग निदान व्हायचं, "पाणी जास्त झालंय." इतक्या वर्षांत त्यांनी दुसरं कुठलं निदान केल्याचं मला आठवत नाही. आणि ते बहुतेक वेळा खरंच ठरायचं, कारण नळ आला की भांडी भरून उरलेलं पाणी आम्ही कुंडीतच ओततो. आलेलं पाणी वाया घालवायचं नाही, मग गुलाब बुडाला तरी बेहत्तर.

"शेतकऱ्याचं पोर आहे मी, वहिनी," निघताना एवढं म्हणायचेच.

शेतकऱ्याचं पोर हे खरं. भालकीकडच्या एका गावात बिरादारांची जमीन होती. पण हे पोर मॅट्रिक होऊन हैदराबादला आलं, सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये लागलं आणि तिथंच त्याचे केस पांढरे झाले. तिकडं भावांनी जमीन आपसांत वाटून घेतली, हे हिम्मतरावांना कळलं ते एका लग्नाच्या पंगतीत, शेजारी बसलेल्या पाहुण्याकडून. हा माणूस भांडला नाही, पानावरून उठला नाही. "मी कुठं कसणार होतो," म्हणाला आणि जिलबी घेतली. त्यांच्या बायको चतुराबाई ही गोष्ट सांगताना अजूनही जिलबीपाशी येऊन थांबतात. "जिलबी घेतली हो ह्यांनी, प्रमिलाबाई. वर मठ्ठाही."

मग देश खुला झाला. आमच्याकडं तो कसा खुला झाला ते सांगते. टीव्हीवर चॅनल वाढले, सुलतान बाजारच्या फूटपाथवर परदेशी क्रीमच्या बाटल्या आल्या, आणि हिम्मतरावांच्या कारखान्याचं फाटक खुलं झालं, ते बाहेर जाणाऱ्यांसाठी. स्वेच्छानिवृत्ती म्हणतात तिला. स्वेच्छा साहेबांची, निवृत्ती ह्यांची. निरोपाच्या दिवशी शाल दिली आणि नारळ दिला. मराठीत एखाद्याला कामावरून काढलं की नारळ दिला म्हणतात, पण खरोखरचा नारळ हातात घेऊन बसमधून घरी आलेला माणूस मी तो एकच पाहिला. "भावजी, फोडणार केव्हा?" मी विचारलं. "फुटलाय तो," ते म्हणाले आणि आत गेले.

जाता जाता कारखान्यानं एक शिबिर घेतलं होतं. फिनाइल कसं करायचं, मेणबत्त्या कशा ओतायच्या, असलं सगळं. टूलरूममध्ये केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसांना मेणबत्त्या. तिथं एक तरुण अधिकारी तपकिरी वीट घेऊन आला. ती त्यानं बादलीत टाकली, वर पाणी ओतलं, आणि बघता बघता विटेचा फुगून ढीग झाला. नारळाच्या काथ्याचा भुसा दाबून केलेली वीट ती, कोकोपीट म्हणतात. मातीची गरज नाही. ट्रेमध्ये भरायचं, बी टाकायचं, आणि घरातल्या घरात ट्यूबलाइटखाली रोपं वाढवायची. "शेत लागत नाही," अधिकारी म्हणाला. बाकीचे चहाची वाट बघत होते. हिम्मतराव उठून पुढच्या बाकावर जाऊन बसले.

शिबिरातूनच त्यांना प्रतापरावांचा पत्ता लागला. हे गृहस्थ शामीरपेठेकडं प्लास्टिकच्या मोठ्या मांडवात लाल-पिवळी ढोबळी मिरची पिकवायचे आणि ती बड्या हॉटेलांत जायची. बी परदेशी, नाजूक. ते घेऊन चांगली रोपं करून देणारा माणूस त्यांना हवा होता. "बी मी देतो," प्रतापराव म्हणाले. "दिवाळीच्या तोंडावर बघायला येतो. रोपं ठणठणीत दिसली तर ह्यापुढचं सगळं काम तुमचं."

राहिला प्रश्न खोलीचा, आणि हीच ह्या गोष्टीची खरी गाठ. बिरादारांच्या घराची पुढची खोली रस्त्यावर उघडते, तिला वेगळं दार आहे. तिच्यावर त्यांच्या मुलाचा, विक्रमचा, डोळा होता. तो कॉमर्स होऊन अमीरपेठेत कॉम्प्युटर शिकला होता आणि आता स्वतःचा क्लास काढायचा म्हणत होता. ज्या दिवशी तोड निघाली त्या दिवशी मी विरजण मागायला गेले होते. खोटं कशाला सांगू, विरजण माझ्याकडं होतं.

"पप्पा, तिकडं पोरं जिन्यात उभं राहून शिकायलेत," विक्रम सांगत होता. "आपल्याकडं रोडला लागून रूम आहे, आणि तुम्ही त्यात मिरच्या लावायलात."

"मिरच्या नाही. रोपं."

"तेच ते."

"तेच ते कसं? तू पाळण्यात होतास तेव्हा तुला कुणी बी.कॉम. म्हणत होतं का?"

चतुराबाईंनी दोघांच्या ताटांत भाकरी टाकली. "दिवाळीपर्यंत खोली ह्यांची," त्या म्हणाल्या. "ते प्रतापराव हो म्हणाले तर पुढंही ह्यांचीच, विक्रमनं तोंड उघडायचं नाही. नाही म्हणाले तर पाडव्याला कॉम्प्युटर बसतील, मग ह्यांनी तोंड उघडायचं नाही. आता जेवा." ही बाई कारखान्यात असती तर कारखाना बुडाला नसता.

जेवता जेवता हिम्मतराव मला म्हणाले, "वहिनी, उभ्या जन्मात मी माझं म्हणून काही पेरलं नाही. एकदा पेरून बघतो." थट्टा करायला तोंड उघडलं होतं मी, ते मिटलं.

खोली सजली. लोखंडी रॅक आले, ट्यूबलाइट टांगल्या, काळे प्लास्टिकचे ट्रे आले. विटा बेगम बाजारातल्या दोर-काथ्याच्या दुकानदारानं मागवून दिल्या आणि बजावलं, "साब, ये समंदर किनारे का माल है, खारा रहता. मीठे पानी में तीन-चार बार भिगाके निकालो. नई तो झाडां जल जाते."

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण हे वाचणारे सगळेच काही हैदराबादचे नसतील. आमच्याकडं घरात दोन पाणी. बोअरचं ते खारा, कपड्यांना, फरशीला. नळाचं ते मीठा, प्यायला. मीठा म्हणजे गोडं. हे आम्ही मराठी माणसंही असंच म्हणतो, पिढ्यान् पिढ्या. सकाळी एकमेकींना हाका मारतो, "मीठा पाणी आलं का गं?" त्यात मिठाचा खडा नसतो, हे आम्हाला सांगावं लागत नाही.

पण शिल्पाला लागत होतं. शिल्पा विक्रमची बायको, कऱ्हाडची. उन्हाळ्यात लग्न झालं, आषाढ-श्रावण माहेरी गेले, आणि ती खरी नांदायला आली गौरींच्या पावलांनी. दुसऱ्याच दिवशी विटा आल्या. घरात गौरीजेवणाची धांदल, चतुराबाई सोळा भाज्यांत बुडालेल्या. हिम्मतरावांच्या दोन्ही काखांत ट्रे.

"शिल्पा, ह्या विटा मोठ्या टबात टाक. मीठा पाण्यात भिजव. रंग उतरेपर्यंत, तीन-चारदा."

"मिठाच्या पाण्यात, मामंजी?"

"हां, मीठा पाण्यात. हयगय नको बरं का, सगळं त्यावरच आहे."

तिनं एक वीट साध्या पाण्यात टाकून बघितली. पाणी चहासारखं लाल झालं. मग तिला पटलंच. नव्या खणाचा, नव्या लुगड्याचा रंग निघायला लागला की तिची आई काय करायची? मिठाच्या पाण्यात भिजवायची. सासऱ्यांनी सांगितलेलं आणि आईनं शिकवलेलं एकच निघालं, ह्याचा तिला आनंदसुद्धा झाला असेल. डब्यातलं जाडं मीठ तिनं मुठीमुठीनं टबात घातलं. हयगय नको म्हणून प्रत्येक वेळी घातलं.

माझ्यावर गल्लीचा आरोप आहे की मी कुठल्याही गोष्टीला तिखट-मीठ लावून सांगते. ह्या गोष्टीत मिरची त्यांची आणि मीठही त्यांचंच. तेव्हा मला मात्र ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

बी पेरलं. उगवलं ते विरळ, आणि जे आलं ते लांबुडकं, काडीसारखं. "उजेड कमी पडतोय," म्हणून हिम्मतरावांनी ट्यूबलाइट साखळीनं खाली आणल्या, पार रोपांच्या डोक्याशी.

"भावजी, अभ्यासाला बसवलंय का त्यांना?"

"उजेडासाठी माना लांबवतात, वहिनी. मग मान धरत नाही."

उजेडानं फरक पडला. नवी रोपं बुटकी राहिली. पण काही दिवसांनी काही रोपं बुडाशी सुतासारखी बारीक होऊन आडवी पडायला लागली. आता आलं त्यांचं हुकमी निदान. हा भुसा फसवा असतो, त्यांनी मला समजावलं, वरून कोरडा दिसतो आणि आत चिंब. बोट लावून कळत नाही, ट्रे उचलून वजनावरून ओळखायचं. त्यांनी पाणी तोडलं, वरच्या खिडक्या उघडल्या, पंखा लावला. चतुराबाई आत घामानं निथळत होत्या आणि पंखा मिरच्यांना. रोपं पडायची थांबली. ह्याही वेळी माणूस बरोबरच होता.

आणि तरी रोपं वाढेनात. पानांच्या कडा करपायला लागल्या, पापडाच्या काठासारख्या. ओल असून पानं दुपारी मलूल. हिम्मतरावांनी कारखान्यातून आणलेला व्हर्निअर काढला, ज्यानं ते यंत्रांचे सुटे भाग मोजायचे, आणि रोपांचे देठ मोजायला लागले. मी हसून हसून रस्त्यात बसायची राहिले. पण ते हसत नव्हते. शिबिरातल्या अधिकाऱ्याला त्यांनी फोन लावला. तो म्हणाला, ह्या भुशात अन्न नसतं, पातळ करून खत द्या. खत दिलं. दोन दिवसांत कडांचं करपणं पानाच्या मध्यापर्यंत आलं.

नंतर त्यांनीच मला ह्याचा उलगडा केला. पाणी तोडलं तसा आतला क्षार दाट झाला. खत घातलं, तर तोही एक क्षारच. औषधं सगळी बरोबर होती, आणि प्रत्येक औषधानं रोग वाढवला.

पितृपक्षाचे दिवस. नळ आले नाहीत म्हणून गल्लीत टँकर आला आणि एकच गलका झाला, "मीठा पानी आया, मीठा पानी!" शिल्पा घागर घेऊन माझ्या शेजारी उभी. हळूच विचारते, "मावशी, मिठाच्या पाण्याचा टँकर कशाला आणतात हो इथं?"

मी अशी हसले की माझी घागर निसटली. "अगं, मीठा म्हणजे गोडं. प्यायचं. नळाला येतं ते. कऱ्हाडला काय समुद्र आणून देतात का तुम्हाला?"

ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, नवी पोर, ओशाळली. हा विनोद मी पुढं अर्ध्या गल्लीला सांगितला. बिरादारांच्या घरात तेवढा नाही. सासऱ्यांसमोर नव्या सुनेची खिल्ली उडवू नये, एवढी रीत मलाही कळते.

त्या दिवशी बिरादारांच्या स्वयंपाकघरात काय झालं ते मला शिल्पानं पुढं केव्हातरी सांगितलं. ती तशीच ओल्या पावलांनी सासूकडं गेली. "आत्याबाई, माझ्याकडून चूक झाली. मी मीठ घातलं होतं. मामंजींना सांगते, धुऊन काढलं तर अजून..."

चतुराबाई तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या. "बस खाली," म्हणाल्या. "सांगून काय होईल? गल्लीभर होईल. त्या प्रमिलाबाईंना कळलं की बेगम बाजारापर्यंत जाईल. बिरादारांच्या सुनेनं रोपांना मीठ घातलं, हे तुझ्या नावाला जन्मभर चिकटेल."

"पण मामंजी..."

"आणि खोली कुणाला हवी आहे? तुझ्याच नवऱ्याला." मग सुपाकडं बघतच, "ह्यांनी कधी कुणाकडं काही मागितलं नाही, बाई. लोकांना वाटतं, केवढा साधा माणूस. जो मागत नाही ना, त्याच्या घरातल्यांना चोरून घ्यावं लागतं. जमीन गेली तेव्हा विक्रम माझ्या पोटात होता."

शिल्पा गप्प बसली. काय करेल? सासूनं झाकलेल्या चुकीवरचं झाकण सुनेनं कसं काढायचं?

खंडेनवमीला हिम्मतरावांनी मेलेली रोपं उपटली, ट्रे पुसले, आणि त्याच भुशात उरलेलं बी पुन्हा पेरलं. कोकोपीट पुन्हा वापरता येतं, हे अधिकाऱ्यानं सांगितलं होतं. शस्त्रपूजेचा दिवस, कारखान्यात ह्या दिवशी यंत्रांना हार असायचे. इथं त्यांनी ट्रे ओळीनं मांडले, वर तो व्हर्निअर ठेवला. बाहेर रस्त्यावर बतकम्माच्या, इथल्या बायकांच्या सणाच्या, फुलांचा कचरा पडलेला, पोरी आपापल्या घरी गेलेल्या. चतुराबाई ताम्हन घेऊन आल्या आणि एकेका ट्रेला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. एकही ट्रे सोडला नाही.

"ह्या खेपेला येतात बघ," हिम्मतराव म्हणाले.

"येतील की," चतुराबाई म्हणाल्या.

मी तिथंच होते, पेढा खात. मला काहीही वेगळं दिसलं नाही. 

दिवाळीच्या तोंडावर प्रतापराव आले. पांढरी सफारी, हातात मोबाइल फोन, विटेएवढा. पोरं तोच बघायला जमली. त्यांनी रॅकसमोर उभं राहून एक रोप उचकटलं, मुळी उजेडात धरली. मुळी आखूड, टोकाशी तांबूस. पुन्हा तेच, कडा करपलेल्या.

"ह्यांना काय झालंय हो?"

"पाणी..." हिम्मतराव म्हणाले आणि थांबले.

"असू द्या. मेहनत दिसतेय तुमची," प्रतापराव म्हणाले. "पण मला ह्या वर्षी दुसरीकडून घ्यावी लागतील." चहा प्यायले, ट्यूबलाइटची रचना छान आहे म्हणाले, गेले. वाईट बोलून गेले असते तर बरं झालं असतं. विक्रम दारातून बाजूला झाला; त्याच्या नजरेनं खोलीची लांबी-रुंदी घेतली, हे मी पाहिलं.

कपबशी विसळायला हिम्मतराव स्वतःच मागच्या मोरीवर गेले. मोरीच्या कडेला, जिथं केरातलं काय काय पडतं, तिथं एक मिरचीचं रोप उभं होतं. हिरवंगार, रुंद पानांचं, देठ पेन्सिलीसारखा. पहिल्या पेरणीच्या वेळी सांडलेलं बी केरातून तिथं पडलं असणार. तेच बी. ना उजेडाची साखळी, ना पंखा, ना खत.

मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते. दिवाळीच्या चकल्या आम्ही दोघी मिळून करतो. मी सोऱ्या फिरवत होते, चतुराबाई तळत होत्या, शिल्पा कागद पसरत होती. तिथून मोरीही दिसते आणि पुढच्या खोलीचं दारही. हिम्मतराव त्या रोपापाशी उकिडवे बसले. खूप वेळ बसले. मग उठून पुढच्या खोलीत गेले, ट्रेमधला चिमूटभर भुसा घेतला, बोटांत चोळला, नाकाशी धरला. आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. जिभेवर ठेवला.

थुंकले नाहीत. तसेच स्वयंपाकघराच्या दारात आले.

"शिल्पा, त्या विटा कशात भिजवल्या होत्यास?"

"मिठाच्या पाण्यात, मामंजी."

ते हसायला लागले. मनापासून, भिंतीला हात टेकून हसले. "अगं वेडे, मीठा म्हणजे गोडं! नळाचं पाणी! मी तुला गोडं म्हणालो, तू घातलंस मीठ... वहिनी, ऐकलंत का हो?" मीही हसायला लागले. मला टँकर आठवला. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की तिथं आम्ही दोघंच हसतोय.

"कळलं मामंजी मला," शिल्पा म्हणाली.

"कधी?"

एवढंच विचारलं त्यांनी, हसू अजून तोंडावर होतं.  शिल्पानं सासूकडं बघितलं. आणि हिम्मतरावांनी तिचं ते बघणं बघितलं.

"टँकर आला होता तेव्हा," चतुराबाई कढईकडं बघत म्हणाल्या. "सर्वपित्रीच्या आधी. ती सांगणार होती. मीच नको म्हटलं."

माझा सोऱ्या थांबला. हिम्मतराव मनातल्या मनात काहीतरी जुळवत होते, तारखा असतील, सण असतील. मग खालच्या आवाजात म्हणाले, "खंडेनवमीला कुंकू तर लावलं होतंस."

"लावलं होतं."

ते वाट बघत राहिले. आणखी काही येईल असं त्यांना वाटलं असावं.

"तेल तापलंय," चतुराबाई म्हणाल्या. "बाजूला व्हा."

ते बाजूला झाले.

विक्रम मागून येऊन सगळं ऐकत उभा होता. त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, हे मला त्याच्या पडलेल्या चेहऱ्यावरून कळलं, आणि हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो म्हणालाही, "पप्पा, प्रतापरावांना फोन करून बघू का? धुऊन परत लावलं तर महिन्याभरात..."

"त्यांचं ठरलंय," हिम्मतराव म्हणाले. "आणि तुझ्या आईचंही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकट्यानं खोली मोकळी केली. ट्रे, रॅक, साखळ्या. हात लावायला गेलेल्या विक्रमला येऊ दिलं नाही. भुसा पोत्यात भरून ठेवला होता, तो कुणीतरी नेला. मग बादली घेऊन फरशी धुतली. पाडव्याला त्याच खोलीत कॉम्प्युटरला हार घातला, चतुराबाईंनी कुंकू लावलं. ह्या वेळी हिम्मतराव तिथं नव्हते. माझ्या घरी येऊन पेपर वाचत बसले होते. मी फराळाचं ताट पुढं केलं. चकली उचलली नाही, करंजी खाल्ली.

पुढं मी एकदा चतुराबाईंना म्हटलं, "अहो, मीठ धुऊन काढायला पाणीच तर घालायचं होतं." मला वाटलं चिडतील. नाही चिडल्या. "प्रमिलाबाई," म्हणाल्या, "विक्रमचा क्लास चालतोय का नाही?"

चालतोय, चालतोय. उन्हाळ्यापर्यंत पोरांची रांग लागली. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायच्या, आणि गरमी चालत नाही म्हणून आत एसी. चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून हिम्मतराव दाराशी खुर्ची टाकून बसतात. नोकरीत असताना त्यांच्या हाताखाली माणसं होती, आता चपला आहेत. असं मी त्यांना म्हटलंय. ते म्हणाले, "चपला बऱ्या, वहिनी. जोडीनं असतात आणि बोलत नाहीत."

एसीची नळी खिडकीतून खाली सोडलेली, तिच्यातून थेंब थेंब पाणी गळतं. त्यांनी खाली बादली ठेवली आहे. संध्याकाळपर्यंत भरत आली की ते पाणी मोरीकाठच्या त्या मिरचीला जातं. बॅटरीत घालतात तसलं स्वच्छ पाणी, क्षार म्हणून नाही.

"भावजी, तुमच्या घरात आता मीठा पाणी पिकायलंय," मी म्हटलं.

"खोली गेल्यावर," ते म्हणाले.

शिल्पा आता पक्की हैदराबादी झाली आहे. भाजीवाल्याशी नक्को-नक्को करत भांडते. संध्याकाळी बादली उचलायला तीच येते आणि दारातूनच हाक मारते, "मामंजी, मीठा पाणी मिरचीला घालू ना?"

"घाल," ते म्हणतात. "आधी चाखून बघ."

आवाज चढवत नाहीत, तिच्याकडं बघतही नाहीत. ती बादलीत बोट बुडवते, जिभेला लावते, मान हलवते आणि बादली घेऊन मोरीकडं जाते. चपला काढता काढता क्लासची पोरं बघत राहतात. चतुराबाई त्या वेळी बाहेर येत नाहीत.